आडनाव पुन्हा सांगा

बाभुळगावात कोण गेलं, हे सगळ्यात आधी आमच्या घरी कळायचं. सकाळी आई चहाचं आधण ठेवत असायची तेवढ्यात फाटकाची कडी वाजायची आणि बाहेर डोक्याला रुमाल बांधलेला एखादा पुरुष उभा असायचा. तो आत येत नसे. फाटकाशी उभ्या उभ्याच नाव, वय, गल्ली आणि वेळ सांगायचा. बाबा, म्हणजे माझे वडील देवराव, त्यातलं काही लिहून घेत नसत. ऐकताना ते डोळे मिटायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "आडनाव पुन्हा सांगा." माणूस पुन्हा सांगायचा. मग बाबा आतल्या खोलीतून मशीन, बॅटरी आणि भोंगा काढत, शकीलभाईंच्या ऑटोला बांधत आणि निघत. आईने ओतलेला चहा बशीखाली झाकून राहायचा.

आमच्याकडे तालुक्याच्या गावांत मरणाची बातमी अशी भोंग्यावरून सांगण्याची रीत आहे. बाबांची साऊंड सर्व्हिस होती. लग्नं, बारसी, विहारातली पौर्णिमेची वंदना, शाळेचं गॅदरिंग अशी सगळीकडे त्यांची मशीन जायची, पण त्यांचा स्वतःचा आवाज फक्त निधनाच्या बातमीला लागायचा. कोणत्या घराला कोणता शब्द, हे त्यांना पाठ होतं. कुणाचा स्वर्गवास, कुणाचा इंतकाल, आमच्या वस्तीत कालकथित. नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं, आडनाव घ्यायचं, मग नाती, मग वेळ, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "तरी सर्वांनी उपस्थित राहावे." ऑटो गल्लीत शिरला की हात थांबायचे. कणीक मळणारी बाई पिठाच्या हातांनी दारात यायची. पानठेल्यावरचा रेडिओ बंद व्हायचा. मी शाळेत असताना खिडकीतून तो आवाज आला की गुरुजींचा खडू फळ्यावर तसाच टेकलेला राहायचा आणि वर्गातली पोरं माझ्याकडे बघायची, जणू आडनाव मला आधीच माहीत असावं. बहुतेक वेळा ते मला माहीत असायचं.

अपवाद एकदाच झाला, एका साडीच्या दुकानाने सेलची जाहिरात बाबांना दिली होती. पहिल्याच गल्लीत बाया डोक्यावर पदर घेऊन दारात आल्या आणि "पाचशेला दोन" हे पूर्ण ऐकून घेतल्यावरही कुणाच्या चेहऱ्यावरचं गांभीर्य हललं नाही. एका म्हातारीने शकीलभाईंना विचारलं, "पन गेलं कोन?" त्या सेलला फारसं कुणी फिरकलं नाही. दुकानदाराने पुन्हा बोलावलं नाही आणि बाबांनाही त्याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. घरात ते असेही थोडंच बोलत. आई म्हणायची, "बाहेर वाटून आल्यावर घरासाठी काय उरते?"

साथ आली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेज म्हणजे मोबाइलचा पडदा आणि तो टेकवायला तांदळाचा डबा. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, त्यातलं काही मी स्वतः संपादित केलं आहे, म्हणून मी इथे फक्त एका वाक्याबद्दल सांगते. अंत्ययात्रा बंद झाल्या. लोक जमवायचे नव्हते. म्हणजे बाबांचं शेवटचं वाक्य निकामी झालं होतं आणि त्याच्या जागी दुसरं हवं होतं. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि वाक्यं उच्चारून बघत होते. "येण्याचे टाळावे." नाही. "गर्दी करू नये." ते सरकारी वाटत होतं. "येऊ नये ही विनंती." विनंती म्हटलं की लोक येतील, असं ते म्हणाले. आईने शेंगांतून मान वर न करता म्हटलं, "सरळ सांगा नं. येऊ नका म्हना." त्या दिवशी गावाने पहिल्यांदा ते ऐकलं: "अंत्ययात्रा निघणार नाही. तरी कोणीही घरी येऊ नये." घरी परतल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि न पिता परत ठेवला. "आजवर मी गावाले ये म्हनत होतो," ते म्हणाले. एवढंच.

ते वाक्य मग रोजचं झालं. कधी एकाच फेरीत दोनदा. मला आठवतं, समोरची लहान मुलगी बाहुलीला गोधडीत गुंडाळून तोच हेल काढून म्हणत होती, "कोनीही घरी येऊ नये." तिच्या आईने तिला फटका मारून आत ओढलं.

दुसऱ्या लाटेत एका सकाळी बाबांनी एका रुखमाबाईंची बातमी सांगितली. बाई गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या होत्या. बाबांच्या अंगात आदल्या दिवसापासून कसर होती, पण ते बोलले नव्हते. भर चौकात त्यांनी नाव घेतलं, "रुखमाबाई", नेहमीसारखे थांबले, आणि आडनावाच्या जागी त्यांना खोकला आला. भोंग्यातून तो खोकला सगळ्या गावाने ऐकला. खोकला संपल्यावर ते पुढच्या शब्दावर गेले. आडनाव राहून गेलं. शकीलभाईंच्या ते लक्षात आलं होतं. पण बाबांचा चेहरा पाहून त्यांनी ऑटो सरळ घराकडे वळवला आणि फेरी अर्धीच राहिली.

त्याच सकाळी आमच्या मागच्या गल्लीतल्या रुखमामावशींना ॲम्ब्युलन्सने यवतमाळला नेलं होतं. त्यांची पिठाची चक्की होती. नवरा गेल्यावर त्यांनीच ती चालवली, गावात त्यांना न ओळखणारं कुणी नव्हतं, आणि "रुखमाबाई" म्हटलं की गावापुढे त्याच उभ्या राहायच्या. मुलगा लोहाऱ्याला एमआयडीसीत कामाला, तिथेच राहणारा. घराला कुलूप. ती बातमी त्यांची नाही, हे सांगायला गल्लीत कुणीच नव्हतं. ॲम्ब्युलन्स सगळ्यांनी पाहिली होती आणि नाव सगळ्यांनी ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशींचा फोटो आला, कडेने फुलं, खाली दोन पणत्या. काही घरांनी त्यांच्या नावाने अंघोळी केल्या. हे सगळं आम्हाला पुष्कळ नंतर कळलं, कारण त्या संध्याकाळी बाबांनाही यवतमाळला नेलं होतं आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले होते.

बाबा गेले ते चालत, आले ते दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. त्यांच्या घशात नळी घातली होती, तिने आवाज गेला होता. पूर्ण गेला नव्हता, पण जे उरलं होतं ते कुणी ओळखलं नसतं. पातेल्याच्या बुडाशी भात लागावा आणि कुणी तो चमच्याने खरवडावा, तसं काहीतरी. डॉक्टरांनी एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. त्यात तीन नळ्या, प्रत्येक नळीत एक रंगीत गोळी. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा, की गोळ्या वर चढतात. निरोगी माणसाच्या तिन्ही चढतात. मी एकटी असताना करून पाहिलं होतं, तिन्ही टक्कन वर गेल्या आणि मला चोरी केल्यासारखं वाटलं. बाबांची पहिली गोळी हलायची, वर जायची नाही. ते पलंगावर बसून तिच्याकडे बघत राहायचे. आई ज्वारीच्या कण्या शिजवायची, त्यावर ताक घालायची, वाटी हातात द्यायची. वाटी संपायला सकाळ जायची.

आणि घरी कुणी येत नव्हतं. बांबू निघाले, मुदत संपली, गल्लीत पोरं पुन्हा खेळू लागली, दूधवालासुद्धा पिशवी फाटकाला अडकवायचं सोडून दारापर्यंत येऊ लागला. पण दाराच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही. बाया आईशी रस्त्यावरून बोलायच्या, आणि बोलताना त्यांची नजर तिच्या खांद्यावरून आत, बाबांच्या खोलीकडे जायची. फक्त आजाराची भीती असती तर ती मुदतीबरोबर संपायला हवी होती. आज मला वाटतं, त्यांना बाबांशी काय बोलावं हेच कळत नव्हतं. ज्याच्या तोंडून त्यांनी आपापली माणसं गेल्याचं ऐकलं होतं, तो स्वतः तिथपर्यंत जाऊन आला होता. आईला याचा राग यायचा. बाबांना नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता. "मीच सांगतलं नं येऊ नका म्हून," ते त्या खरवडलेल्या आवाजात म्हणायचे. "लोक ऐकून राह्यले." हे त्यांनी विनोदाने म्हटलं असं मला पहिल्यांदा वाटलं. ते विनोदाने म्हणत नव्हते.

वॉर्डाबद्दल ते एकदाच बोलले, दुपारी, मी खिडकीत केस वाळवत बसले असताना. मध्ये मध्ये श्वास घेण्यासाठी थांबत ते म्हणाले, "मी तिथं अनाउन्सिंग करत होतो, पोरी. मनातल्या मनात. बाजूचं मानूस नेलं की त्याचं. नाव माहीत नसलं तर मंग खाटेच्या नंबरावर. पन करत होतो. कोनीतरी कराले पाह्यजे नं." मी टॉवेल मांडीवर ठेवला. "एक दिवस माह्यं नाव आलं. आवाज बी माह्याच. 'देवराव' म्हनलं, थांबलो, अन् पुढं आडनावच नाई आठवलं. लय आठवून पाह्यलं. भोंगा चालू, लोक दारात उभे, अन् आडनाव नाई." ते माझ्याकडे पाहत होते. "अनाउन्सिंग झालंच नाई. म्हून मी वाचलो काय?" त्यांना उत्तर हवं होतं. मी, त्यांची शिकलेली मुलगी, टॉवेल उचलून पुन्हा केस पुसू लागले. त्या दिवसानंतर माझ्या लक्षात आलं की ते कुठेही आपलं पूर्ण नाव सांगत नाहीत. औषधाच्या दुकानातून फोन आला की फोन आईकडे देतात.

रुखमामावशी आल्या त्या अशाच एका दुपारी. बरं झाल्यावर त्या मुलाकडे लोहाऱ्याला राहिल्या होत्या आणि आठवड्यापूर्वी घरी परतल्या होत्या. त्यांच्याबद्दल गावात काय पसरलंय हे आईला बाजारात कळलं होतं, पण घरात सांगायचा तिचा धीर झाला नव्हता. मावशींचे केस निम्मे गळले होते, अंगावरचं लुगडं सैल झालं होतं, पण त्यांचा आवाज तसाच होता, चक्कीच्या आवाजावर बोलून बोलून कमावलेला.

"आत येऊ का? का मेल्या बाईले चाय देत नाई तुमच्यात?"

आई गडबडून फाटकाकडे धावली. किती दिवसांनी आमचा उंबरा बाहेरच्या पायांनी ओलांडला गेला होता. मावशी सरळ बाबांच्या खोलीत गेल्या आणि पलंगासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"वा, देवरावभाऊ! मले मारून सोता मजेत पलंगावर?"

बाबांना कळेना. तेव्हा मावशींनी त्यांना सगळं सांगितलं. चौकातला खोकला, फुलांचा फोटो, अंघोळी. परतल्या दिवशी नळावरच्या सिंधूने त्यांना पाहून भरली घागर टाकून दिली. पोरं "मुंजा, मुंजा" करून पळाली. "म्या म्हनलं, अरे बह्याडांनो, मुंजा पोरगं असते, मी तं बाई हाये." त्या स्वतःच हसल्या, आणि हसता हसता त्यांना दम लागला. मग म्हणाल्या, "चक्की चालू करतो तं कोनी दळन आनत नाई. ज्यायनं मले पाह्यलं ते पळते, अन् ज्यायनं नाई पाह्यलं त्यायच्यासाठी मी मेलीच हाये. सकाळी पट्टा चढवतो, रिकामी फिरवतो, बंद करतो. असं चाललं तं इकून टाकावी लागते."

बाबा ऐकताना डोळे मिटून बसले होते. आडनावाची गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळत होती. त्यांचा एक हात त्या गोळ्यांच्या यंत्रावर होता. "माह्यामुळं झालं," ते म्हणाले.

"मंग! खोकला तुमचा, अन् सुतक माह्यं." मावशींनी बशीत चहा ओतला. "आता दुरुस्त करा. भोंगा काढा, अन् सांगा गावाले, रुखमा जिती हाये म्हून."

"हा आवाज ऐकला का? कोन ऐकन हा?"

"म्या शंभर लोकायले तोंडानं सांगतलं, कोनाले पटलं नाई. भोंग्यावर तुमी सांगतलं म्हनजे झालं, असं हाये ह्या गावाचं. मेलेलं तुमी सांगता, तं जितं कोन सांगन? मी का नागपूरहून मानूस आनू?"

बाबांनी मान हलवली. नाही. मावशींनी चहा संपवला, बशी खाली ठेवली, आणि उठल्या नाहीत.

पुढचा अर्धा-पाऊण तास मी कधी विसरणार नाही. बाबांनी हो म्हटलं नव्हतं, पण ते शब्द शोधू लागले होते. प्रत्येक घराच्या मरणाला कोणता शब्द लागतो हे ज्यांना पाठ होतं, त्यांच्याकडे परत आलेल्या माणसासाठी एकही शब्द नव्हता. त्याची कधी गरजच पडली नव्हती. त्यांनी "पुनरागमन" म्हणून पाहिलं. "मी का निवडनुकीत पडलती काय?" मावशी म्हणाल्या. "सुखद आगमन," मी सुचवलं. "लगन हाये माह्यं?" आई म्हणाली, "बऱ्या झाल्या म्हना." बाबांनी मान हलवली, बऱ्या झाल्या म्हटलं की लोकांना आधी आजार आठवेल. मग ते डोळे मिटून म्हणाले, "घरी आल्या आहेत." त्यांनी ते पुन्हा म्हटलं, आपल्या जुन्या हेलात, जेवढा तो निघेल तेवढा. "घरी आल्या आहेत." मावशींनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. तिन्ही ऋतू चक्कीच्या पिठात उभी राहिलेली ती बाई त्या तीन शब्दांनी गप्प झाली, हे मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मला वाटतं, त्यांचं हो तिथे झालं.

दुसऱ्या दिवशी शकीलभाईंनी ऑटो दाराशी लावला. भोंगा त्यांनीच बांधला, मशीन त्यांनीच जोडली, आणि बाबांना बसवताना म्हणाले, "भौ, आज पेट्रोल माझ्याकडून. आजवर तुमच्यासोबत फिरून रडवलंच लोकांना." मागच्या सीटवर बाबा, त्यांच्या शेजारी रुखमामावशी नव्या लुगड्यात, आणि मी पुढे शकीलभाईंच्या बाजूला अर्धी बाहेर. मशीनवर मी आवाजाची कळ पूर्ण फिरवली. बाबांनी हाताने खूण केली, अजून. आणखी नव्हतं.

पहिल्या गल्लीत ते बोलू लागले तेव्हा तो आवाज भोंग्यातून इतका फाटका आला की मला वाटलं मशीन बिघडली. पण दारं उघडली. हेल तोच होता. माणसांनी आवाज ओळखला नसेल, हेल ओळखला. बाया पदर घेऊन आल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या, एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. "कळविण्यात येते की," बाबा म्हणाले आणि श्वास घेतला. तो श्वास भोंग्यातून ऐकू आला, आत ओढला जाणारा, शिट्टीसारखा. "आपल्या गावातील चक्कीवाल्या. रुखमाबाई." ते थांबले. मग त्यांनी आडनाव घेतलं. स्पष्ट, सावकाश, आणि नंतर पुन्हा एकदा घेतलं, जे ते कधी करत नसत. "या घरी आल्या आहेत. चक्की चालू आहे. तरी सर्वांनी यावे."

हात जोडलेले तसेच जोडलेले. वाक्य कानात शिरलं होतं, पण त्याला बसायला आत जागाच नव्हती. मग मावशींनी ऑटोतून डोकं बाहेर काढलं आणि त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "हात खाली कर रे बापा, मी हाये." म्हातारा त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याने हात खाली केले नाहीत. ते जोडलेले हात आता गेलेल्या बाईसाठी नव्हते, समोरच्या बाईसाठी होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कुणीतरी रडू लागलं. नळाजवळ सिंधू उभी होती. ती ऑटोपर्यंत आली आणि तिने बोटाच्या टोकाने मावशींच्या मनगटाला हात लावला, तवा तापलाय का पाहावं तसा. मग पूर्ण हात ठेवला.

मी पुढे बातम्यांच्या धंद्यात आले. नागपुरात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे आणि निधनवार्तांचं पान बरेच दिवस माझ्याकडे होतं. कुणी गेलं की ती बातमी असते. कुणी राहिलं की ती नसते, हे आमचं गणित मला मान्य आहे. आमच्याकडेही दुरुस्त्या छापतात, आतल्या पानावर, बारीक टाइपात, आणि त्या कुणी वाचत नाही. एका गावाने एक दुरुस्ती दारात उभं राहून, हात जोडून ऐकली, हे मी पाहिलेलं आहे. त्यानंतर मी पुष्कळ मोठ्या घटनांच्या ठिकाणी गेले. तसं पुन्हा काही पाहिलं नाही.

गल्ल्या संपत आल्या तशी बाबांची वाक्यं तुटू लागली. ते दोन शब्दांवर श्वास घेत होते, मग एका शब्दावर. शकीलभाई आरशातून माझ्याकडे बघत होते. शेवटची गल्ली आमची. इथे मावशींचं सांगायची गरज नव्हती, सगळ्यांनी तोवर ऐकलं होतं. सगळे तरीही दारात होते. आई फाटकाशी उभी होती. शकीलभाईंनी ऑटो थांबवला आणि मी मशीन बंद करायला हात पुढे केला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"कळविण्यात येते की," ते म्हणाले. श्वास. "आपल्या गावातील." श्वास. "देवराव."

आणि ते थांबले. थांबायचंच असतं तिथे. पण ती थांबण्याची वेळ संपली आणि पुढचा शब्द आला नाही. भोंग्यातून फक्त मशीनची घरघर येत होती. मी मागे वळून पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. दम संपला होता की धीर, मला सांगता आलं नसतं, आजही सांगता येणार नाही. भोंगा चालू, लोक दारात उभे. त्यांनी मला सांगितलं होतं, तंतोतंत तसंच. हे फक्त मला माहीत होतं. गल्लीतल्या प्रत्येकाला आमचं आडनाव माहीत होतं. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणारी माणसं ती. शेंबडं पोरसुद्धा ते ओरडून सांगू शकलं असतं. कुणी सांगितलं नाही. कुणी आत गेलं नाही, कुणी खाकरलं नाही, कडेवरची पोरंसुद्धा चुळबुळली नाहीत. रुखमामावशी, ज्यांना कधी गप्प बसता आलं नाही, त्या स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत बसल्या होत्या. एका माणसाला आपलं नाव पूर्ण करायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ती सगळी गल्ली त्याला देत होती, आणि कुणी तसं ठरवलेलं नव्हतं. आजाराच्या काळात मी माणसांना एकमेकांपासून दूर पळताना पाहिलं होतं. तीच ही माणसं. मी काही वेळ त्यांच्याकडे पाहायचं टाळलं, कारण ते पाहवत नव्हतं, इतकं ते मोठं होतं.

मग भोंग्यातून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. लांब.

"खंडारे," बाबा म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. काही झालं नव्हतं. ते ऑटोत बसलेले होते, ऊन पायांवर पडलं होतं, आई फाटकाशी उभी होती. "देवराव खंडारे," त्यांनी पुन्हा म्हटलं, यावेळी जणू समोरच्याने विचारल्यासारखं. "हे घरी आले आहेत. तरी सर्वांनी." श्वास. "यावे."

संध्याकाळपर्यंत आमच्या दारासमोर चपलांचा ढीग पडला होता. आईने आधी कपांत, मग पेल्यांत, मग वाट्यांत चहा दिला. लोक येत होते, बाबांसमोर बसत होते, एकजण गोळ्यांचं यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहत होता. मागच्या गल्लीतून चक्कीचा आवाज येत होता, आणि तो रिकाम्या चक्कीचा नव्हता. दाणे पडत असताना तिचा आवाज जाड होतो, हे आमच्या घरातल्या प्रत्येकाला कळायचं. तेवढ्यात परगावचा एक फेरीवाला गल्लीतून जाताना आमच्या दाराशी थांबला. एवढ्या चपला पाहून त्याने सायकल भिंतीला टेकवली, डोक्यावरची टोपी काढली आणि आत डोकावून हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं, बापा?"

घरातले सगळे एकदम बाबांकडे वळले. असं विचारलं की उत्तर त्यांनीच द्यायचं असतं.

"कोनी नाई गेलं," बाबा म्हणाले. "आलो मी. या, बसा."